बंदबाईची पहिली पट्टी

माझ्या भाचीला गावभर 'बंदबाई' म्हणतात, आणि हे नाव ठेवणारा चांडाळ मीच. तेव्हा तिची थोरवी सांगायचं कामही माझ्याच गळ्यात.

ती पाणीपुरवठा केंद्राच्या प्रयोगशाळेत आहे. प्रयोगशाळा कसली, पंपघरामागची खोली: एक ओटा, एक कुरकुरणारा फ्रीज आणि नदीच्या पाण्याच्या बाटल्या. तिच्याकडे बोटाएवढ्या पट्ट्या असतात. पट्टीच्या टोकाला एन्झाइम लावलेलं असतं. चांगल्या पाण्यात ते जोमात काम करतं आणि हातातलं यंत्र नव्वदीतला आकडा दाखवतं. पाण्यात कीटकनाशक असलं की ते लुळं पडतं आणि आकडा घसरतो. फक्त हे एन्झाइम नव्या जावयापेक्षा नाजूक. जरा ऊन लागलं की संपलंच.

पाच वर्षांपूर्वी भाचीबाई पट्ट्यांचा डबा खिडकीत विसरल्या. एन्झाइम उन्हाने मेलं, आकडा पडला, आणि हिने पाणी विषारी समजून अख्ख्या गावाचे नळ बंद करवले. कित्येकजण अंगाला साबण लावून ताटकळले. त्यांतला एक मी, म्हणून तर नाव इतकं झटकन सुचलं. केंद्राच्या साहेबांनी तिला बजावलं, पुन्हा असं झालं तर प्रयोगशाळा सुटली, तक्रारींच्या खिडकीवर बसायचं.

तिचा नवरा शिंपी. माणूस कमी बोलतो, पण त्याने डब्यासाठी कापूस भरलेली जाड पिशवी शिवून दिली, आत बर्फासाठी वेगळा कप्पा. हिने स्वतःला एक नियम लावून घेतला: रोजची पहिली पट्टी नदीच्या नव्हे, प्रयोगशाळेसाठी बाहेरून आणलेल्या शुद्ध पाण्यात बुडवायची. साक्ष घेण्याआधी साक्षीदार शुद्धीवर आहे का, ते बघायचं. पंपवाला हसायचा. म्हणायचा, चांगल्या पाण्याची परीक्षा घेणारी ही एकटीच.

गेल्या हंगामात एका सकाळी पहिल्या पट्टीने त्र्याण्णव दाखवले. नदीच्या पाण्यातलीने एकतीस. आणखी एक बुडवली, एकोणतीस.

ती तशीच साहेबांकडे गेली. पंपवाला तिथेच चहा पीत होता. डबा परत उन्हात राहिला वाटतं, म्हणाला. साहेबांचं मत पडलं की नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवू, तीन दिवसांत अहवाल येईल, तोवर पाणी चालू राहू दे. पण हेच पाणी दुपारपर्यंत घराघरांत पोचणार होतं.

भाची वाद घालत बसली नाही. डबा साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, पट्ट्या तुम्हीच निवडा. साहेबांनी स्वतःच्या हाताने बुडवल्या. शुद्ध पाण्यात चौऱ्याण्णव. नदीच्या पाण्यात तीस.

"साहेब, पट्टी मेलेली असती तर दोन्हीकडे मेलेलीच दिसली असती," ती म्हणाली.

"आणि बाई, तुम्ही चुकलात तर?"

"तर तक्रारींच्या खिडकीवर बसेन. पहिली तक्रार आमच्या मामांचीच येईल."

साहेबांनी चहा बाजूला सारला आणि नदीकडचा व्हॉल्व्ह बंद करायला सांगितलं. टाकीत आदल्या दिवशी साठलेलं पाणी मोजूनमापून सोडलं गेलं.

भाचीने मला बरोबर ओळखलं होतं. त्याच संध्याकाळी रिकामी बादली घेऊन मी तिच्या दारात. ती म्हणाली, मामा, तीन दिवस थांबा, मग काय बोलायचं ते बोला. त्या तीन दिवसांत तिने धड जेवण केलं नाही, हे मला शिंप्याने मागाहून सांगितलं.

अहवाल आला. पाण्यात कीटकनाशक होतं, आणि तेही बरंच. वरच्या अंगाला कुणा फवारणीवाल्याने औषधाची पिंपं नदीत विसळली होती. साहेबांनी तिचा पहिल्या पट्टीचा नियम कागदावर उतरवून ओट्यावर चिकटवला, खाली तिचं नाव घालून. पंपवाला आता तो कागद पाहुण्यांना असा दाखवतो, जणू त्यानेच शोध लावला.

नाव मात्र बंदबाईच राहिलं. परवा गल्लीत नळ आला तेव्हा समोरची म्हातारी हंडा धरून विचारत होती, "बंदबाईनं बघून सोडलंय ना?" मी हो म्हटलं, आणि मगच तिने हंडा नळाखाली लावला.