आई आणि उपाशी रोबो

माझी आई शेवटपर्यंत एका रोबोच्या जेवणाची काळजी करत राहिली.

आज सकाळी ती गेली. घाटनांदूरला, आपल्या घरात, दादा, म्हणजे माझे वडील, उशाशी बसलेले असताना.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मी एका अवकाश मोहिमेत काम करते. आमचा छोटासा रोबो मंगळाच्याही पलीकडे, एका लघुग्रहावर दगडधोंड्यांतून फिरतो. तो तिथून फोटो पाठवतो, आम्ही इथून त्याला पुढचं काम सांगतो.

आईला समजावताना मी एकदा म्हणून गेले, "तो ऊन खातो गं."

झालं! तेव्हापासून फोनवर पहिला प्रश्न, "जेवला का तुजा रोबो?"

माझ्या जेवणाचा नंबर दुसरा.

"तिकडं ऊन कमी असतं आई. सूर्य फार लांब पडतो."

"मग हितलं न्या की! बीड जिल्ह्यात दुसरं काय पिकतंय?"

दिवाळीनंतर तो एका मोठ्या खडकाच्या सावलीत अडकला. बॅटरी उतरत चालली.

इकडे आईनंही अंथरूण धरलं.

सुट्टी टाकून येते म्हटलं, तर खेकसली. "मला बघायला तुजे दादा हायेत. त्याला कोण हाय तिकडं?"

आमच्या मीटिंगमध्ये दोन तट पडले. काही जण म्हणाले, मोहीम संपली असं समजू या. आम्ही बाकीच्यांनी हट्ट धरला.

एरवी रोबो आपली वाट आपणच शोधतो. पण त्याला विचार करायलाही वीज लागते. म्हणून ठरलं, वाट आम्ही इथून शोधायची, त्यानं फक्त चाकं फिरवायची. एक कमांड पाठवायची, उत्तर येईपर्यंत जीव मुठीत धरून बसायचं, मग पुढची.

हे आईला सांगितलं. ती म्हणाली,

"तुज्या दादांचा पाय कापला, त्या साली आमी असंच केलतं की."

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता.

ते दुष्काळाचं साल होतं. गावात प्यायला पाणी नव्हतं, म्हणून अख्खं गाव तोडीला गेलेलं. एका सहकारी साखर कारखान्याच्या उसाच्या फडात दादांच्या पायावर कोयता बसला. मुकादम म्हणाला, "अर्धा कोयता ठेवून काय करू? गावाकडं जा."

आई म्हणाली, "काहून जायाचं? पायाला लागलंय, हात हायेत की त्यांचे."

दादांनी बसल्या जागी मोळ्या बांधल्या. तोडणं, ओढणं, डोक्यावरून गाडीत भरणं आईनं केलं. हंगाम संपेपर्यंत आम्ही तिथंच राहिलो. पाचटाच्या खोपीत मी पाढे पाठ केले.

गेल्या आठवड्यात रोबो सावलीतून बाहेर आला. कंट्रोल रूममध्ये पिकल्या केसांची माणसं पोरांसारखी नाचली. मी कोपऱ्यात जाऊन फोन लावला. आईचा आवाज पार खोल गेलेला.

"आई, जेवला गं."

"मग आता ये तू."

मी आले. थोडेच दिवस मिळाले, पण मिळाले. तिच्या हाताला हात लावून बसता आलं.

दुपारी सगळं आटोपून घरी आलो. दादा ओट्यावर बसले होते, डोळे सुजलेले. मला जवळ बोलावलं. वाटलं, आईचं काहीतरी सांगतील.

"तू हितं हायस. तुजं काम कोण बघतंय?"

"मैत्रीण बसलीय दादा, माझ्या जागी."

दादांनी मान हलवली. आयुष्यात कधी त्यांनी रोबोचं नाव काढलं नव्हतं. फोनवर तो विषय आईचा असायचा.

"तिला म्हणावं, घाई करू नगं," दादा म्हणाले. "लई दमलंय ते लेकरू."

आई, तुझ्या वाटचं काम दादांनी उचललं गं.

तू निवांत जा. तुला भरल्या डोळ्यांनी नमस्कार.