पहिल्या प्रार्थनेतली झोप

पडेगावला आमच्या चर्चचं मौन प्रार्थना शिबिर भरतं, तेव्हा मंडळीतले एक काका हमखास माझ्या शेजारी बसतात. वाळूजच्या कारखान्यात प्रेस मशीनवर उभी हयात गेली, त्यामुळे त्यांची कुजबुजही हाक मारल्यासारखी असते. दरवेळी ते रात्रपाळी करून थेट यायचे, बूट दाराशी काढून चटईवर मांडी घालायचे. फादर म्हणायचे, "आता देवाशी बोलायला सुरुवात करू या," की काकांची मान खाली. जेवणाच्या घंटेपर्यंत घोरणं.

मला राग यायचा. एकदा म्हणालो, "काका, घरून झोपून यायचं ना."

"घरी कुठं लागती झोप? इथं प्रभूपुढं लई गाढ लागती. तो उठवीत बी नाय."

यंदा ते निवृत्त झाले. इस्त्रीचा शर्ट घालून, चेहरा ताजा करून आले. बाहेर कडुलिंब हलत होता आणि त्याच्या सावल्या फरशीवर पाण्यासारख्या सरकत होत्या. मौन सुरू झालं. काका ताठ बसलेले, डोळे सताड उघडे. मग सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं त्यांनी मला विचारलं, "भाऊ, सुरुवातीला काय म्हणायचं असतं? माझी दरवेळी हुकलीच की."

मी नुसते डोळे मिटून दाखवले. त्यांनीही मिटले. सावल्या सरकत राहिल्या, आणि हळूहळू त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं.

जेवणाची घंटा झाली. सगळे उठून गेले. मी हललो नाही.