देवाचं तोंड पूर्वेला

सनमायका चिकटवायच्या डिंकाचा वास आज सकाळी स्वयंपाकघरभर पसरला आणि माझं डोकं पुन्हा तापलं. नवऱ्यानं हौसेनं जीपमागे जोडायची, चाकांवरची छोटी खोली बनवून घेतली होती, तेव्हा अकोल्याच्या अंगणात हाच वास होता. आतली सगळी मांडणी मी केली. जुन्या साड्यांचे पडदे शिवले, पलंगाखाली खण करून घेतले, मागच्या भिंतीवर चहाच्या सामानाची फळी ठोकली. एकत्र कुटुंबात माझ्या मनासारखी लागलेली तेवढी एकच फळी. मी बाजारात गेले तेवढ्यात मोठ्या जाऊबाईंनी ती उपटली आणि तिथं देवघर लावलं. "देवाचं तोंड पूर्वेलेच पायजे. तुह्या माहेरी हे शिकवलं नाई काय?" दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे सहलीला निघालो आणि परतवाड्याजवळ एका संत्र्याच्या बागेत खोली उभी केली, तेव्हा कलत्या उन्हाकडे बघून मी म्हटलं, "ताई, देव तं दक्षिणेकडे पाहून राह्यले." त्या किंचाळल्या, "फिरवा, फिरवा!" माझा नवरा आणि थोरले दीर, दोघा भावांनी घाम गाळून खोली फिरवली. देव पूर्वेला आले, पण दार बाभळीच्या काटेरी कुंपणाला जाऊन टेकलं. जाऊबाई पेटलेली उदबत्ती घेऊन बाहेरच उभ्या. मी मुद्दाम मोठ्यानं हसले, आणि त्या दिवसापासून आम्ही एकमेकींशी बोलत नाही. आज स्वयंपाकघरात काम करणाऱ्या सुतारानं विचारलं, "काकू, देवघर कोणत्या बाजूले लावू?" मी म्हटलं, "लाव कुठंही, पण खाली चाकं बसव."