पन्नासपैकी एकोणीस

रंजनाताईंनी आपला कागद पालथा ठेवला आणि ग्लासवर पुन्हा बशी झाकली. मी कागद उलटून पाहिला. आकडा होता १९. पन्नासपैकी.

त्याच बिअरला बाकीच्या सहा जणांनी दिलेले मार्क असे होते: ४०, ४१, ४१, ४२, ४२, ४०. मी सातांची सरासरी काढली. ३७.८६ आली. आमच्याकडे माल बाहेर जायला किमान ३८ लागतात.

शुक्रवारचे साडेअकरा वाजले होते. खाली ट्रक लागला होता. कुसगावच्या एका रिसॉर्टला वीस केग जायचे होते. केग म्हणजे बिअरचं स्टीलचं पिंप. ते चढवणारे लोक माझ्या सहीसाठी थांबले होते.

मी काय काम करतो ते आधी सांगतो. तळेगावजवळ आंबीला आमची छोटी ब्रुअरी आहे. तिथे मी क्वालिटी बघतो. त्याआधी पंधरा वर्षं दुधाच्या डेअरीत हेच करत होतो. सोसायटीतल्या लोकांना वाटतं, मी दिवसभर पीत बसतो. बायको त्यांना सांगते, "ते पीत नाहीत हो, बेरजा करतात." खरं तेच आहे. आठवड्यातून दोनदा, सकाळी अकरा वाजता, एका बंद खोलीत सात माणसं थोडी थोडी बिअर चाखतात आणि मार्क देतात. या सात जणांना पॅनेल म्हणतात. मी ग्लासवर नंबर टाकतो, कागद गोळा करतो आणि सरासरी काढतो. दारूचं प्रमाण, रंग, कडूपणा हे सगळं मशीनवर मोजता येतं. बिअर प्यावीशी वाटते की नाही, हे मात्र अजून माणसालाच विचारावं लागतं.

त्या दिवशीची बिअर डबल आयपीए या कडू प्रकारातली होती. हॉप नावाच्या वेलीची फुलं वाळवून, दाबून त्यांच्या हिरव्या गोळ्या करतात. गुरांच्या पेंडीच्या गोळ्या असतात तशाच दिसतात. बिअरचा कडूपणा हॉपमुळे येतो आणि वासही. डबल आयपीएत हॉप भरपूर आणि दारू आठ टक्क्यांच्या जरा खाली. पहिला घोट काडेचिराइतासारखा लागतो, मग संत्र्याची साल, मग पिकलेला आंबा. असल्या बिअरची एक अडचण आहे. तिचा वास इतका दांडगा असतो की त्याच्याआड दोष लपून राहतो.

रंजनाताई वराळ्याच्या. आधी गुलाबाच्या पॉलीहाऊसमध्ये होत्या, मग आमच्या बॉटलिंग लाइनवर कॉन्ट्रॅक्टवर आल्या. एकदा धुतलेल्या केगजवळून जाताना म्हणाल्या, "सर, ह्यात साबण ऱ्हायलाय." मला काहीच वास येत नव्हता. तपासलं तर खरंच होता. मग मी त्यांची परीक्षा घेतली. तीन ग्लास ठेवायचे, दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी, आणि वेगळा ग्लास कोणता ते सांगायचं. चोवीस वेळा विचारलं. बावीस वेळा बरोबर. पॅनेलमध्ये यापूर्वी कुणी सतराच्या वर गेलं नव्हतं.

त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, "सर, आमच्यात पंचशील घेतलेलं असतंय. वास कितीबी घेते, पण घोट न्हाई घ्यायची."

मी म्हटलं, "घोट नकोच आहे."

म्हणून त्यांचा कागद वेगळा होता. पन्नासचे पन्नास मार्क वासालाच. हिशेबाच्या दृष्टीने हे कच्चं होतं, मला कळत होतं. पण नाक पक्कं होतं. सहा महिन्यांच्या ट्रायलवर मी त्यांना लॅबमध्ये घेतलं. ट्रायल नीट पार पडली तर लॅब असिस्टंट म्हणून पर्मनंट करायचं ठरलं होतं. बॉटलिंग लाइनवरची त्यांची जागा तोवर भरली गेली होती, त्यामुळे परतीचा रस्ता नव्हता. त्या शुक्रवारचं पॅनेल त्यांच्या ट्रायलमधलं शेवटचं. त्यांना ते माहीत होतं. मीच सांगितलं होतं.

आता नियमांबद्दल. पॅनेलच्या खोलीत भिंतीवर नऊ नियम लावलेले आहेत. सगळे माझे. त्यातले दोन इथे महत्त्वाचे. नियम तीन: सगळे कागद पालथे होईपर्यंत खोलीत कुणी एक शब्द बोलायचा नाही, कुणी बोललं तर ते पॅनेल रद्द, दुसऱ्या दिवशी पुन्हा. नियम सात: ज्याचे मार्क इतरांच्या सरासरीपेक्षा दहाहून जास्त वेगळे असतील त्याचा कागद बाद, आणि ट्रायलवरच्या माणसाचा कागद बाद झाला तर ट्रायल नापास.

त्या दिवशी अकरा वाजून पाच मिनिटांनी निखिल सर खोलीत आले. ते मालक. वय चाळिशीच्या आतलं, हॉपवर मनापासून प्रेम. ही बिअर त्यांच्या डोक्यातून निघालेली. त्यांनी ट्रेमधला जादा ग्लास उचलला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"काय आंबा आलाय यार. हापूस आहे हापूस."

एकाने पेन खाली ठेवलं होतं, ते त्याने पुन्हा उचललं. कुणी मान वर केली नाही. नियम तीन निखिल सरांच्या डोक्याच्या बरोबर मागे भिंतीवर होता. मी तिकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं, आणि गप्प बसलो. मालकाला कसं सांगायचं की तुम्ही बोललात, आता पॅनेल रद्द?

सहाही कागदांवर वासाच्या रकान्यात पहिला शब्द 'आंबा' होता. दोघांनी 'हापूस' लिहिलं होतं. सहा मार्कांत फक्त दोनाचा फरक. आमच्या पॅनेलमध्ये एरवी आठ-दहाचा फरक पडतोच. आकडे इतके जवळ कधीच आले नव्हते. हे मला त्याच वेळी दिसलं होतं. नंतर सुचलं असं म्हणणार नाही.

रंजनाताईंच्या कागदावर लिहिलं होतं: 'मस्क्याचा वास. आत्ता बारीक. वाढंल.'

या मस्क्याला आमच्या धंद्यात डायअसिटिल म्हणतात. बिअर तयार होताना यीस्ट ते बनवतं आणि वेळ दिला तर नंतर स्वतःच खाऊन टाकतं. शेवटी हॉप भरपूर घातलं की थकलेलं यीस्ट पुन्हा जागं होतं आणि पुन्हा ते बनवायला लागतं. अशा वेळी आठवडाभर जास्त थांबावं लागतं. आम्ही थांबलो नव्हतो, कारण रिसॉर्टला तारीख दिली होती. हे तपासायचा एक सोपा उपाय आहे. बंद बाटली गरम पाण्यात ठेवायची, मग गार करून वास घ्यायचा. लपलेला मस्का असेल तर वर येतो. दीड तासाचं काम.

पॅनेलचे लोक गेल्यावर निखिल सरांनी विचारलं, "मोहिते, किती?"

"सदतीस पूर्णांक शहाऐंशी."

"म्हणजे अडतीसच की."

"नाही सर."

"कुणी खाली ओढलं?"

मी कागद दाखवला.

"ही पीत पण नाही ना? मग ही बिअरला मार्क कशी देते? म्हणजे शाकाहारी माणसाला मटणाचं विचारायचं."

"वासाचे देते सर. दीड तास द्या, गरम करून बघतो."

"शुक्रवार आहे. दोननंतर लोणावळ्याचा रस्ता बंदच समजा. तिकडे संध्याकाळी लाँच आहे." ते भिंतीकडे वळले. "तुमचा तो दहाचा नियम काय आहे? ती धरली नाही तर किती?"

"एक्केचाळीस."

"आणि एक्केचाळीसातून एकोणीस गेले?"

"बावीस."

"मग?"

मग काही नाही. नियम माझाच होता. मी कागदावर तिरकी रेघ मारली, 'नियम ७ प्रमाणे बाद' असं लिहिलं आणि खाली सही केली. ट्रक बाराच्या आत गेला.

गरम पाण्याची टेस्ट मला ट्रक गेल्यावरही करता आली असती. सॅम्पल लॅबमध्येच होतं. मी केली नाही. केली असती तर कळलं असतं, आणि कळल्यावर गप्प बसता आलं नसतं.

सोमवारी रंजनाताईंना बोलावून सांगितलं. त्या उभ्याच राहिल्या.

"बाद म्हंजी माझा वास चुकला का?"

"चुकला असं नाही. इतरांशी जुळला नाही."

"सगळ्यांनी आंबा लिवलाय व्हय?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"मालक बोलले की. मीबी ऐकलं." जरा थांबून म्हणाल्या, "आंबा व्हताच सर. मी न्हाई कुटं म्हणते? पण आंब्याच्या खाली मस्का व्हता."

मी त्यांना म्हटलं, शेवटचं पॅनेल आहे हे ठाऊक असताना थोडे तरी जास्त मार्क द्यायचे होते. तीस दिले असते तरी कागद एका मार्काने बादच झाला असता. पण बत्तीस-तेहेतीस दिले असते तर नोकरी राहिली असती.

"मग तुमी मला नाकासाठी घेतलं का बेरजेसाठी?"

त्यांनी ॲप्रन घडी घालून माझ्या टेबलावर ठेवला. लॅबच्या कपाटाची किल्ली ॲप्रनवर ठेवली आणि पावती मागितली. मी लिहून दिली.

लाँचनंतर तेवीस दिवसांनी रिसॉर्टच्या बार मॅनेजरचा फोन आला. "सर, गेस्ट विचारतात, बिअरमध्ये पॉपकॉर्न टाकलाय का?"

मी स्वतः कुसगावला गेलो. केग बाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवले होते, उन्हाच्या बाजूला. उष्णतेने जे तिथे तेवीस दिवसांत केलं तेच माझ्या गरम पाण्याने दीड तासात केलं असतं. मॅनेजरने ग्लास भरून पुढे केला. उचलायचीही गरज पडली नाही. इराण्याच्या हॉटेलात मस्कापाव समोर आल्यावर येतो तसा वास, आणि त्याच्याखाली कुठेतरी बारीकसा आंबा. घोट घेतला तर नुसता कडू. उरलेले अकरा केग परत आले आणि ड्रेनमध्ये ओतले. रिसॉर्टने पुढची ऑर्डर दिली नाही.

मीटिंगमध्ये निखिल सर म्हणाले, "पॅनेलने पास केली होती ना? मग पॅनेलचा उपयोग काय?"

मी बाद केलेला कागद टेबलावर ठेवला. त्यांनी तो वाचला. पुन्हा वाचला.

"हे माहीत असून तुम्ही सही केली?"

"हो."

"मी सांगितलं म्हणून?"

"नियम होता म्हणून. आणि एक नियम मी पाळला नाही, म्हणून."

नियम तीन मी त्यांना वाचून दाखवला. त्यांनी रंजनाताईंचा कागद माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाले, "बोलवा त्यांना परत." माणूस वाईट नाही. फक्त तेवीस दिवस उशीर झाला होता आणि त्यातला पहिला दीड तास माझा होता.

रंजनाताई पुन्हा त्याच पॉलीहाऊसमध्ये लागल्या होत्या. मी गेलो तेव्हा ग्रेडिंगच्या टेबलाशी उभ्या होत्या. गुलाबाच्या दांड्या लांबीप्रमाणे लावायच्या, डाग असलेलं फूल बाजूच्या क्रेटमध्ये टाकायचं. मनगटांवर काट्यांचे ओरखडे होते. सहा महिन्यांत ते गेले होते, आता परत आले होते.

"या सर. वास आला का मग?"

"आला."

"किती दिसांनी?"

"तेवीस."

त्यांनी मान हलवली. हात थांबले नाहीत. मी म्हटलं, पर्मनंटचं लेटर तयार आहे, मालकांनीच पाठवलंय. नियम सात काढून टाकलाय.

"त्यो काढला, उद्या दुसरा लावाल," त्या म्हणाल्या. "न्हाई सर. माझा राग न्हाई तुमच्यावर. पण हितं बरंय. हितं मी फूल खराब म्हणलं की फुलाला बाजूला काढत्यात. मला न्हाई."

लेटर अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. लॅब असिस्टंटची जागा रिकामी आहे. पॅनेल आता सहा जणांचं आहे, आणि अकरा वाजता मी खोलीला आतून कडी लावतो, मग बाहेर कुणीही असो. प्रत्येक बॅचची बाटली गरम पाण्यात जाते. ट्रक थांबतो.

त्या शुक्रवारची सरासरी मी नंतर पुन्हा काढली. मतं सात नव्हतीच. सहा कागदांवर एकच मत होतं, निखिल सरांचं: एक्केचाळीस. दुसरं रंजनाताईंचं: एकोणीस. दोन मतं, बेरीज साठ, सरासरी तीस. अडतीसला आठ कमी. आकडे तेव्हाही माझ्यासमोर होतेच. मी भागाकार चुकीच्या संख्येने केला.