चौकटीतलं वळण

आमचे भाऊजी पोलिसात होते असं सांगितलं की समोरचा माणूस जरा सावरून बसायचा. प्रत्यक्ष भाऊजी आले की तोच माणूस पुन्हा सैल व्हायचा. मिशा नाहीत, आवाज नाही, बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघायची सवय. उभ्या नोकरीत त्यांनी एकही चोर पकडला नाही. चोर पकडणाऱ्यांना ते मोटारसायकल वळवायला शिकवत.

चालवायला नाही हं, वळवायला. चालवणं त्यांच्या लेखी फारसं काही नव्हतंच. "सरळ रस्त्यावर गाडी आपली आपण जाते, आपण नुसते वर बसलेले असतो," असं ते म्हणायचे. "वळणावर कळतं कोण कुणाला नेतंय ते."

त्यांचं राज्य म्हणजे मुख्यालयामागचं सिमेंटचं पटांगण. एका कडेला पत्र्याची शेड. तिच्यात वाकलेले लेग गार्ड, एकेकटे उरलेले आरसे, दोरीला लटकवलेली हेल्मेटं आणि एकात एक घातलेले नारिंगी शंकू. या शंकूंना तिथे सगळे टोप्या म्हणत. पटांगणाच्या मधोमध पांढऱ्या रंगाची एक लांबट चौकट आखलेली होती. अलीकडच्या टोकाने आत शिरायचं, उजव्या कडेने पुढे जायचं, चौकटीच्या आतच डावीकडे पूर्ण फिरायचं आणि आलो त्याच टोकाने बाहेर पडायचं. रेषेला चाक लागलं, नापास. पाय टेकला, नापास. ऐकायला सोपं आहे. चौकट रुंदीला एवढी होती की त्यात मोटारसायकल आडवी उभी केली तर पुढे-मागे एकेक माणूस जेमतेम मावेल, आणि त्यातला जाडा असेल तर तोही नाही.

ही चौकट भाऊजी स्वतः ब्रश घेऊन रंगवायचे. पूर्वी एक रंगारी यायचा, पण त्याचा हात सढळ. दर खेपेला रेष आतल्या बाजूने बोटभर जाड व्हायची. काही वर्षांत चौकट इतकी आक्रसली की सगळी तुकडीच नापास व्हायला लागली. आपलं शिकवणं बिघडलं की काय, या काळजीने भाऊजींचं जेवण सुटलं होतं. शेवटी ताईने सुचवलं, की माणसं मापून झाली असतील तर एकदा चौकट मापून बघा. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. पोलिसातली नव्हती, पण आमच्या घरातले बरेचसे तपास तिनेच लावलेत.

भाऊजींची सगळी विद्या एका शब्दात होती. मान. नवा शिपाई गाडीवर बसला की भाऊजी त्याच्या बाजूने चालायला लागत. क्लच अर्धा धर, ॲक्सिलरेटर हलवू नको, मागच्या ब्रेकवर पाय नुसता टेकव, पुढचा ब्रेक गाडीला आहे हेच विसर. हॅन्डल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबलास तर गाडी तुला काही न सांगता झोपेल. गाडी आत कलू दे, तू मात्र सरळ बस. एवढं एका दमात झालं की मग फक्त "मान, मान, मान" सुरू व्हायचं. म्हणजे चाकाकडे बघू नको, टोपीकडे तर मुळीच बघू नको, मान वळवून जिथून बाहेर पडायचंय तिकडे बघ. गाडी नजरेमागून येते. टोपीकडे बघशील तर टोपीवर जाशील. पोरं त्यांना समोर वस्ताद म्हणत. पाठीमागे काय म्हणत असतील ते आता सांगायला नको.

माझ्या तरुणपणी भाऊजी मला त्यांच्या स्वतःच्या जुन्या गाडीवरून घाटात घेऊन गेले होते. वळण यायच्या बरंच आधी ते वेग उतरवायचे, आणि एकदा आत शिरले की ब्रेकचं नाव नाही. ॲक्सिलरेटर एकसारखा, नजर वळणाच्या पार शेवटाला. पोलिसांच्या गाडीला मागे पेट्या, भोंगा, वायरलेस, सगळा संसार लादलेला असतो. ती वळणात रुंद जायला बघते, म्हणून तिला फार आधी समजवावं लागतं, असं ते मला पुढून ओरडून सांगत होते. मागे बसून मला समजत काहीच नव्हतं. गाडी डावीकडे कलली की मी घाबरून उजवीकडे कलत होतो. तिसऱ्या की चौथ्या वळणानंतर त्यांनी गाडी कडेला घेतली, उतरले, चष्मा पुसला आणि शांतपणे विचारलं, "तू याच गाडीवर आहेस ना?"

घरातही ते असेच चालायचे. ज्या दुकानात जायचं नाही त्याच्याकडे ते बाजारात बघायचेच नाहीत. ताईने हे लग्नाच्या पहिल्या वर्षातच ओळखलं. तिला जे दुकान हवं असेल तिथे ती त्यांना हाताला धरून दुकानाकडे तोंड करून उभं करायची, आणि स्वतः दुसरीकडेच काहीतरी बघितल्यासारखं करायची. थोड्या वेळाने भाऊजी आपोआप पायरी चढलेले असायचे.

हे सगळं छान चाललं होतं. भाऊजींची नोकरी संपायला दोन-तीन वर्षं उरली असतील, तेव्हा नव्या मोटारसायकली आल्या. जुन्यांपेक्षा लांब, जुन्यांपेक्षा जड, आणि हॅन्डल पूर्ण वळवलं तरी आपल्याच तोऱ्यात फिरणाऱ्या. गाड्यांबरोबर एक हुकूमही आला. शिकणारा असो की शिकवणारा, नव्या गाडीवर प्रत्येकाने चौकट पास करायची. नापास झाल्यास एकदाच पुन्हा संधी. तीही गेली तर स्टोअरमध्ये बदली. स्टोअर म्हणजे तळघरातली एक खोली, जिथे एक टेबल, एक पंखा आणि भिंतभर टायर होते. तिथे बसलेल्या माणसाने पुन्हा मोटारसायकलवर टांग टाकल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. त्या आठवड्यात भाऊजींनी चौकट दोनदा रंगवली.

परीक्षा घ्यायला आल्या त्या मॅडम पूर्वी भाऊजींच्याच हाताखाली शिकलेल्या. त्यांना भाऊजींनी इतक्या वेळा नापास केलं होतं, की त्या रडकुंडीला येऊन गाडीला लाथ मारून गेल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या. आता त्या वरच्या हुद्द्यावर होत्या. त्या भाऊजींना वस्ताद म्हणत आणि भाऊजी त्यांना मॅडम म्हणत, आणि दोघांनाही ते अवघड जात होतं.

नव्या गाड्या बघायला त्या दिवशी घरच्यांनाही बोलावलं होतं. इतकी वर्षं ताईने भाऊजींची विद्या फक्त जेवताना ऐकली होती, डोळ्यांनी कधी बघितली नव्हती. ती ठेवणीतले कपडे घालून आली. खुर्च्या चौकटीच्या पलीकडच्या टोकाला मांडल्या होत्या आणि ताई पहिल्या रांगेत मधोमध बसली. मी तिच्या शेजारी.

भाऊजी आत शिरले ते बघण्यासारखंच होतं. एवढी अवजड गाडी, पण जणू कुणी पाण्यावरून ओढतंय. उजवीकडून पुढे आले, गाडी डावीकडे कलली, लेग गार्ड जमिनीला लागायला थोडासा उरला, मान वळायला लागली. वळता वळता ती मान ताईच्या समोर आली आणि तिथेच थांबली.

का, ते त्यांनाही पुढे नीट सांगता आलं नाही. गाडी बिचारी आज्ञाधारक. तिने हॅन्डल सरळ केलं, रेष ओलांडली आणि हळूहळू, कुठलीही घाई न करता, ताईच्या खुर्चीशी येऊन थांबली. पुढचं चाक खुर्चीच्या पायाला टेकलं. भाऊजींचा पाय जमिनीवर होता.

ताईने वर बघितलं. "काय हो, काही हवंय का?"

सगळं पटांगण हसलं. भाऊजीही हसले. मग एकेकाचं हसू आटोपत गेलं, कारण मॅडम हातातल्या कागदाकडे बघत उभ्या होत्या आणि त्यांच्याकडे बघायला कुणी तयार नव्हतं. त्यांनी लिहायचं ते लिहिलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा, एवढंच म्हणाल्या.

एखाद्या वेळेस कुणाचीही नजर जाते, असं मीही म्हटलं, ताईही म्हणाली. पण गोष्ट एका वेळेची राहिली नाही. भाऊजी रोज सकाळी सरावाला जायचे आणि रोज त्याच जागी चुकायचे. अर्धं वळण झक्क व्हायचं, आणि बरोबर तिथे मान पलीकडच्या टोकाला अडायची. खुर्च्या तर केव्हाच उचलल्या होत्या. मी एके दिवशी पडलेल्या टोप्या उभ्या करायला गेलो होतो, तेव्हा तिथे रिकामं सिमेंट आणि एक कावळा होता. भाऊजी कावळ्यावर गेले.

उतरल्यावर ते गाडीला टेकून उभे राहिले. आयुष्यभर लोकांना सांगितलं, नको तिथे बघू नका, असं काहीसं ते बोलत होते. "आता मी स्वतःला तेच सांगतो, तर ऐकता ऐकता आधी तिकडेच बघतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "स्टोअरमध्ये पंखा चांगला आहे म्हणतात."

ते विनोद करत होते, पण मला हसू आलं नाही. त्या रात्री जेवणं झाल्यावर मी हे सगळं ताईला सांगितलं. भाऊजी तिथेच बसले होते, पण आपल्याबद्दल नाही असा चेहरा करून. ताई दुसऱ्या दिवसासाठी मटार सोलत होती. तिने हातातली शेंग संपवली आणि म्हणाली, "मी समोर बसले म्हणून तुम्ही समोर आलात ना?"

भाऊजींनी मान हलवली.

"मग मी बाहेर पडायच्या बाजूकडे चालते. या माझ्यामागून."

भाऊजींनी तिला समजावलं की हा खेळ नाही, ही सरकारी परीक्षा आहे. ताईने समजून घेतलं आणि पुढची शेंग उचलली. माझ्यामुळे बिघडलंय तर माझ्यामुळेच नीट होईल, त्यात सरकारचं काय जातंय, असं तिचं म्हणणं. भाऊजींनीही एक शेंग उचलली आणि सोलायला घेतली.

परीक्षेच्या सकाळी ताई सपाट तळव्याच्या चपला घालून, खांद्याला पर्स अडकवून हजर. तिने मॅडमना सरळच सांगितलं की मी चौकटीच्या बाहेरून चालणार आहे. मॅडमनी नियमांचे कागद काढले. पुढून वाचले, मागून वाचले. चौकटीच्या आत दुसरं कुणी असू नये, असं स्पष्ट लिहिलं होतं. बाहेरून परीक्षार्थ्याच्या पत्नीने फेरफटका मारू नये, असं लिहायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मॅडम भाऊजींना म्हणाल्या, "वस्ताद, तुम्ही मला कधी सूट दिली नाहीत. मीही देणार नाही. रेष ती रेष."

"देऊ नका," भाऊजी म्हणाले.

गाडी आत शिरली. ताई चौकटीच्या डाव्या बाजूला पलीकडच्या टोकापाशी उभी होती. भाऊजी उजव्या कडेने पुढे आले आणि गाडी कलायला लागली, तशी ताई रेषेच्या कडेकडेने अलीकडे चालू लागली, बाजारातून परत निघाल्यासारखी. भाऊजींची नजर तिच्यावर पडली आणि तिच्याबरोबर निघाली. ती अडायची ती जागा आली. पण ताई तोवर पुढे सरकली होती. मान आणखी वळली, खांद्याच्या पार मागे. हॅन्डल टोकाला लागलं, लेग गार्डने सिमेंटला एक बारीकसा ओरखडा काढला, मागचं चाक रेषेच्या आतून बोटभर अंतर ठेवून फिरलं, आणि ती अवाढव्य गाडी ताईच्या मागोमाग, तिच्याच चालीने, चौकटीबाहेर आली. ताई थांबली. गाडीही थांबली.

मॅडमनी रेषेपाशी उकिडवं बसून चाकाची खूण बघितली. उठल्या, कागदावर सही केली आणि मग कागद काखेत मारून वस्तादांचा हात दोन्ही हातांत धरला.

भाऊजींचा चेहरा तेव्हा असा झाला होता, की पीळ द्यायला त्यांना मिशा नव्हत्या याचं मला पहिल्यांदा वाईट वाटलं. ते गाडीवरून न उतरताच ताईला म्हणाले, "कसं झालं?"

"मला काय विचारता?" ताई म्हणाली. "मी खाली बघून चालत होते. केवढे खड्डे आहेत तिथे. ठेच लागली असती म्हणजे?"

म्हणजे इतक्या वर्षांत तिने बघितलेलं भाऊजींचं वळण एकच, आणि ते तिच्या खुर्चीवर आलेलं. भाऊजींनी मला शेडमधून खुर्ची आणायला सांगितली. पलीकडच्या टोकाला, मधोमध, जिथे ती मागच्या खेपेला बसली होती तिथेच ठेव म्हणाले. मॅडम काहीतरी बोलणार होत्या, पण सही झाली होती. ताई पर्स मांडीवर घेऊन बसली.

भाऊजी पुन्हा आत शिरले. या वेळी चौकटीबाहेरून चालणारं कुणी नव्हतं. गाडी समोर आली, अगदी ताईच्या पुढ्यात कलली, मान वळली आणि वळतच गेली, कुठेही न अडता. पाठ फिरवून भाऊजी निघून गेले आणि चौकटीच्या अलीकडच्या टोकातून अलगद बाहेर पडले. शेडपाशी जमलेली पोरं टाळ्या वाजवायला लागली. मीही वाजवत होतो.

ताईने माझा हात धरून खाली केला. "बघितलंस?" ती म्हणाली. "एवढी समोर बसलेय, एकदा तरी बघितलं का माझ्याकडे?"

भाऊजी गाडी लावून हसत हसत आले, तर ती त्यांच्याशी बोलेना.