वहिनींचा पहिला फोन

नवऱ्याने पाठीच्या दुखण्याने अंथरूण धरलं, तेव्हा वहिनींनी पंचेचाळिशीत पहिल्यांदा नोकरी धरली. रुग्णवाहिकेसाठी येणारे फोन घ्यायचे. साहेबांनी त्यांच्या कानाला हेडफोन लावला आणि म्हणाले, "शेजारचे काय करतात ते बघा. आपोआप जमेल."

शेजारी दादा, या कामात मुरलेला माणूस. पण त्यांना मान वर करायला फुरसत कुठली? त्यांची बोटं भराभर चालायची. का चालतात, ते कुणी सांगेना. पोहायला न शिकवता विहिरीत ढकलावं, तशी गत.

त्याच आठवड्यात एका म्हाताऱ्यांचा फोन आला. "अहो, ही श्वास घेत नाहीये!"

आधी पत्ता घ्यायचा, हेच वहिनींना ठाऊक नव्हतं. वय काय, कधीपासून, असं विचारत बसल्या. मग फोन दादांकडे द्यायला गेल्या आणि भलतंच बटण दाबलं. फोन तुटला. म्हातारबुवांनी पुन्हा लावला, दुसऱ्या कुणी घेतला, गाडी गेली. बाई वाचली नाही.

"लवकर पोचलो असतो तरी वाचली असती असं नाही," दादा म्हणाले.

"नसतीच वाचली, असं छातीवर हात ठेवून सांगता?"

दादांनी पुढचा फोन घेतला.

घरी त्यांनी ताट बाजूला सारलं. नवरा म्हणाला, "सोड ती नोकरी. मीठभाकर खाऊ."

"आणि माझ्या खुर्चीत उद्या दुसरी बसेल, तिचं काय?"

सकाळी त्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या. "मला शिकवा, नाहीतर काढून टाका. तोवर मी फोन उचलणार नाही."

"शिकवायला माणूस कुठून आणू? इथे श्वास घ्यायला सवड नाही!" बोलून गेल्यावर साहेबांनीच जीभ चावली.

मागून दादा म्हणाले, "माझ्या फोनला दुसरा हेडफोन जोडा. ऐकू देत त्यांना. मी सांगत जाईन."

"तुमचे फोन कमी होतील."

"होऊ देत."

मग वहिनी दिवसचे दिवस नुसत्या ऐकत बसल्या. पुढे त्या बोलत आणि दादा ऐकत, चुकलं की तिथल्या तिथे बटण दाबून सावरत. नंतर प्रत्येक नव्या माणसाला असंच बसवू लागले. साहेबांनी ती आपलीच कल्पना म्हणून वर कळवली. वहिनींना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

एका सुट्टीला वहिनी नोंदीतला पत्ता शोधत त्या म्हातारबुवांच्या दारापर्यंत गेल्या. आत रेडिओ चालू होता. कडी वाजवायचा धीर काही झाला नाही.