सोमारीची झाडं

आलापल्लीला आमच्या संस्थेच्या आवारात दोन इमारती होत्या. एकीत मुलांचं वसतिगृह आणि दुसरीत पत्रावळीचं शेड. जंगलातली गावं सोडून आलेल्या बाया शेडमध्ये पानं यंत्राखाली दाबत, आणि त्यांची मुलं पलीकडे पाढे म्हणत. मधल्या तारेच्या कुंपणावर मुलांचे कपडे वाळत. सोमारी नेहमी कुंपणाजवळचं यंत्र घ्यायची. तिथून तिच्या लेकीचा, चंचलचा वर्ग दिसत नसे, पण आवाज ऐकू येई.

सोमारी माडिया. एटापल्लीच्या पुढे, नाल्यापलीकडच्या एका गावातली. चंचल अजून अंगावर पीत होती तेव्हा एका संध्याकाळी जंगलातले दादा लोक, म्हणजे नक्षलवादी, आले आणि तिच्या नवऱ्याला, इसरूला, पोलिसांचा खबरी म्हणून घेऊन गेले. सकाळी तो नाल्याकाठी सापडला. सोमारीला सांगण्यात आलं, गाव सोड. तिने लेक कडेवर घेतली, स्वयंपाकाचा एक गंज घेतला आणि चालू लागली. इसरू खबरी होता का, हे मी तिला कधी विचारलं नाही. देवकाबाईने एकदा विचारलं होतं. सोमारी म्हणाली, "त्याले तं धड खोटंही बोलता येत नव्हतं."

देवकाबाई वसतिगृहातली स्वयंपाकीण. वैनगंगेकाठची, मासे धरणाऱ्यांतली ढिवरीण, अंगाने थोराड, तोंडाने त्याहून. सोमारी आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. जी काही मराठी ती शिकली ती देवकाबाईच्या चुलीपाशी, त्यामुळे तिचं बोलणं आणि तिच्या शिव्या दोन्ही ढिवरणीच्या.

या हिवाळ्यात संस्थेला मदत देणाऱ्यांनी कळवलं की भागात आता शांतता आहे, कामाचं स्वरूप बदलायला हवं. खरंच, बरेच जण बंदुका ठेवून बाहेर आले होते. सूरजागडचे लोहखनिजाचे ट्रक रस्त्यावर एकामागे एक लागलेले असत. वसतिगृह आणि शेड मार्चअखेर बंद होणार होती. ज्या आया गावी परतून संसार उभा करू शकतील त्यांनी मुलं घेऊन परतावं. बाकीच्या मुलांची सोय चंद्रपूरकडच्या एका संस्थेत. तिथे फक्त मुलं राहणार होती, आया नाहीत.

"शांती आली म्हणतात," देवकाबाई भात उपसत म्हणाली. "आली तं येऊ दे, तिलेही वाढीन मी. पण पोरायचं ताट काऊन उचलता?"

सोमारी मात्र घाबरली नाही. "मी जातो ना गावाले," ती म्हणाली. "पोरीले घेऊन जातो. वावर आहे, मोह आहेत."

"वावर तं इतक्या सालात जंगल झालं असंन."

"होऊ दे. मोह तं नाई ना पळाले कुठी."

या भागात मोहाचं झाड कुणाचं हे कागदावर नसतं, पण सगळ्या गावाला ठाऊक असतं. सोमारीची तीन झाडं होती, सासूने तिच्या हाती दिलेली. भात दिवाळीला हाती येतो. तोवरचे सगळे महिने मोहफुलं धकवतात, खाऊन आणि विकून. झाडं नसली तर नुसत्या वावरावर पाऊसकाळही निघत नाही. फाल्गुनात झाडाखालचा पाला जाळून जागा झाडून ठेवायची, म्हणजे फुलं स्वच्छ जमिनीवर पडतात आणि झाडाला माणूस आहे हेही दिसतं. न झाडलेलं झाड सुटलेलं मानतात, मग ते कुणीही घ्यावं. म्हणून सोमारी दर वर्षी एटापल्लीच्या बाजारात गावचं कुणी दिसलं की शेजारणीला, मैनीला निरोप धाडायची: माझ्या झाडांखाली झाडत राहा. फुलं तूच वेच, पण झाडं माझी राहू दे.

फाल्गुन लागताना आम्ही गावी गेलो. संस्थेचा निकेश गाडी चालवत होता. वावराबद्दल तो आधीच गावाशी बोलून आला होता आणि त्याला काही अडचण दिसली नव्हती. चंचल खिडकीशी बसली होती. कळत्या वयात ती गाव पहिल्यांदा पाहणार होती.

गावाने आम्हाला पाणी दिलं. म्हाताऱ्या बायांनी सोमारीच्या हनुवटीला हात लावून हात स्वतःच्या ओठांना लावले. मग गोटुलासमोर, गावाच्या सामाईक घरासमोर सगळे बसले. गावाचा गायता लालसू, रिवाज पाहणारा म्हातारा, गोंडीत बोलत होता. मला ती कामापुरती कळते.

"वावर तुझं. घराची जागा तुझी. ये, राहा. ज्यांनी तुला घालवलं ते आता नाहीत."

"आणि माझी झाडं?"

लालसूने मैनीकडे पाहिलं. ती कडेला उकिडवी बसली होती, दोन पोरं पाठीशी.

"झाडली कुणी?" लालसूने विचारलं.

"मीच सांगितलं होतं तिला. झाडं सुटू नयेत म्हणून."

"सांगितलं तू. झाडली तिने, इतकी वर्षं. आपल्याकडे ज्याचा हात त्याचं झाड. तुला ठाऊक आहे, पोरी."

सोमारीला ठाऊक होतं. पण निरोप आपला, म्हणून तो हातही आपलाच धरला जाईल असं ती समजून चालली होती. निरोप कितीही धाडले तरी जमीन झाडणारी मैनीच होती.

"तिला सांगा," सोमारी लालसूला म्हणाली, "मला एक दे. तीनातलं एक."

तेव्हा मैनी बोलली. "माझा नवरा गोळीबारात मेला. ऐकलं असशील."

"ऐकलं."

"तुझ्या नवऱ्याला त्यांनी मारलं, म्हणून तुला हे लोक मिळाले." तिने निकेशकडे आणि माझ्याकडे हनुवटीने दाखवलं. "माझा त्यांच्या बाजूचा होता असं पोलिसांनी लिहिलं. माझ्याकडे कोण आलं? तुझी पोरगी बुटं घालून आली आहे. माझी ही बघ. या तीन झाडांवर वाढली. एक देईन, तर कुणाला उपाशी ठेवू ते तूच सांग."

आमच्या कामाच्या व्याख्येत मैनी बसत नव्हती, हे निकेशला माहीत होतं. मलाही.

सोमारीने मैनीच्या धाकट्या मुलीकडे पाहिलं. मुलगी चंचलच्या बुटांकडे बघत होती.

"वेचायला ये," मैनी शेवटी म्हणाली. आवाज जरा उतरला होता. "अर्धा वाटा देईन."

"माझ्या सासूच्या झाडांवर मी मजुरी करू?"

लालसू उठला, म्हणजे बैठक संपली.

गाडीत चंचलने विचारलं, "आपण इथी राहणार का?" सोमारी म्हणाली, "नाई." आलापल्लीला देवकाबाई भाकरी घेऊन वाट बघत होती. सोमारीचं तोंड पाहून ती म्हणाली, "जेव आधी. रडाले पोटात काही पाहिजे."

मार्चच्या शेवटी मुलं गेली. बसमध्ये चंचलला खिडकीची जागा मिळाली, तेवढ्याने ती खूश होती. देवकाबाईने सगळ्या मुलांना डबे बांधून दिले. मग तीही आपल्या नदीकाठी निघून गेली. शेडमधली यंत्रं कुणीतरी नेली. सोमारी काही दिवस रस्त्याच्या कामावर गेली, ट्रकांची लाल धूळ खात. एका सकाळी तिच्या खोलीला कुलूप दिसलं; ती गावी परतल्याचं एटापल्लीच्या बाजारात कळलं.

एप्रिलात माझं काम संपत आलं होतं. चंद्रपूरला जाऊन मी चंचलला भेटले आणि आईसाठी तिचा आवाज फोनवर भरून घेतला. सोमारीच्या गावात फोन लागत नाही, म्हणून निकेशच्या मोटरसायकलवर मागे बसून पहाटेच निघाले.

ती झाडाखाली होती. मैनी, तिच्या मुली आणि ती, चौघी वाकून फुलं वेचत होत्या. हवेत तो गोड, जड वास होता. टोपल्या दोन होत्या, एक मोठी, एक लहान. मी फोन तिच्या कानाशी धरला, मग आवाज मोठा केला.

चंचल शुद्ध मराठीत बोलत होती, शाळेत शिकवतात तशी. "आई, इथे पंखा आहे. मला तिसरा नंबर मिळाला. भाजीत तेल कमी असतं. मी रडत नाही. तू मला घ्यायला केव्हा येशील?"

सोमारीने दोनदा ऐकलं. मैनी कंबर धरून उभी राहिली. तिला मराठी येत नाही.

"काय म्हणते पोरगी?" तिने गोंडीत विचारलं.

सोमारीने एकेक करून सांगितलं. पंख्याचं सांगितलं, नंबराचं सांगितलं, तेलाचं सांगितलं. रडत नाही म्हणते, असंही सांगितलं.

"मग चांगलं आहे," मैनी म्हणाली.

"हो," सोमारी म्हणाली, आणि पुन्हा वाकली. शेवटचं वाक्य तिने सांगितलं नव्हतं. ऊन चढायच्या आत अजून दोन झाडांखालचं वेचायचं होतं.